नांगराने बांधलेलं घर

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर ढेपळांची घरं उभी राहिली ती एका कायद्यामुळे. 20 मे 1862 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि 160 एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. अट अशी की पाच वर्षं तिथेच घर बांधून राहायचं आणि जमीन कसायची. इथे ओढ्याकाठची चार झाडं सोडली तर नुसतं गवत. लाकूड नाही आणि आगगाडी दूर. मग घर बांधायचं कशाचं?

त्या गवताचीच मुळं इतकी दाट की माती सुटी होतच नसे. फाळाखालून सलग पट्टी निघायची. ती नीट कापायला खास नांगर निघाला, त्याला लोक नाकतोडा नांगर म्हणत. साधारण फूटभर रुंद, तीन फूट लांब आणि चार इंच जाडीचे तुकडे, म्हणजेच ढेपळं, करून ते गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-अडीच फूट जाड. खिडकी, दार आणि चुलीचं धुराडं काय ते विकत आणायचं. जमीन फोडता फोडताच घराचा माल निघे. या चिऱ्यांना थट्टेने ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत.

मातीचं घर मात्र या माळाला नवं नव्हतं. पॉनी लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी सांगाड्यावर गवत-माती थापून मोठी गोल घरं बांधत होते. 1870च्या दशकात त्यांना तिथून हलवून दक्षिणेला नेलं. तेव्हा ‘पहिले वसाहतकार’ हा शब्द जपूनच वापरलेला बरा.

उन्हाळ्यात ही घरं गार आणि हिवाळ्यात उबदार, हे खरं. पण छपरावरही ढेपळंच, त्यामुळे पाऊस थांबला तरी आत गळती चालूच. वरून माती पडे, कधी साप. म्हणून आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधत. जळणाला वाळक्या शेणी. त्यांच्यावर स्वयंपाक करायचा म्हणजे नव्याने आलेल्या बायकांना आधी किळस यायचीच.

हे सगळं आज डोळ्यांनी दिसतं ते छायाचित्रकार सॉलोमन बुचरमुळे. त्याने 1886 पासून नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत फिरून कुटुंबांना घरासमोर उभं करून फोटो काढले. एका बाईला माहेरच्यांना आपलं मातीचं घर दिसू द्यायचं नव्हतं. तिने पायपेटी अंगणात ओढून आणवली आणि घर वगळून फोटो काढवून घेतला. उलट बेल्जियमहून आलेल्या इझिडोर ओमाँने याच ढेपळांचं दुमजली घर बांधलं, आणि ते 1967 पर्यंत उभं होतं. माझ्या मते दोघांचाही हट्ट एकच होता, हलकं दिसायचं नाही.

1886 सालीच रेल्वे याच काउंटीतल्या ब्रोकन बो गावाला पोचली आणि फळ्या स्वस्त झाल्या. जरा पैसा हाती आला की लोक लाकडी घरात जात आणि जुन्या घरात कोंबड्या ठेवत. छप्पर दुरुस्त केलं नाही तर मातीची भिंत काही वर्षांत पुन्हा माळाला मिळते, त्यामुळे हजारो घरांपैकी मोजकीच उरली. कॉमस्टॉकजवळचं 1900 साली बांधलेलं डाउस कुटुंबाचं घर त्यांपैकी एक. ते आज संग्रहालय आहे.