शस्त्र न धरणाऱ्यांचा इतिहास

आपलें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे जुनें औरंगाबाद, आणि तेलंगणांतील नळगोंडा यांमध्यें आज राज्यांची सीमा आहे. परंतु १९४८ पर्यंत हीं दोन्ही शहरें एकाच निजामाच्या अंमलाखालीं होतीं. त्या नळगोंड्यास १८९० च्या सुमारास तेव्हांच्या दक्षिण रशियांतून अब्राहाम फ्रीसन व त्यांची पत्नी मारिया हें दांपत्य धर्मप्रसारार्थ येऊन राहिलें. तें मेनोनाइट पंथाचें होतें. रशियांतील शेतकऱ्यांचा हा पंथ दख्खनच्या पठारावर कसा आला, हें पाहूं लागलें म्हणजे जवळजवळ चार शतकें मागें जावें लागतें.

१५२५ च्या जानेवारींत स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं कांहीं तरुणांनीं परस्परांस बाप्तिस्मा दिला. धर्म जाणत्या वयांत स्वेच्छेनें स्वीकारावा, तान्ह्या मुलास त्याची दीक्षा देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. राजसत्तेस तें मानवलें नाहीं. दोनच वर्षांत फेलिक्स मान्झ यास लिम्माट नदींत बुडवून मारण्यांत आलें. पुढें १५३६ मध्यें फ्रीसलंडचा पाद्री मेनो सिमन्स आपलें पद सोडून या मतास मिळाला, आणि त्याच्याच नांवानें पंथ ओळखला जाऊं लागला. शस्त्र धरावयाचें नाहीं, हा या लोकांचा निर्धार. छळ चुकविण्यासाठीं व सैन्यांतील सक्तीची भरती टाळण्यासाठीं ते हॉलंडांतून प्रशियांत, तेथून रशियांत, आणि १८७४ पासून हजारोंच्या संख्येनें अमेरिकेंत गेले.

१८९७ च्या दुष्काळांत याच अमेरिकेंतील मेनोनाइटांनीं हिंदुस्थानास धान्य पाठविलें, आणि १८९९ मध्यें धमतरी येथें त्यांचें मिशन उभें राहिलें. धमतरी तेव्हां मध्यप्रांतांत होती, व त्या प्रांताची राजधानी आपलें नागपूर.

हा इतिहास जाणूं इच्छिणारानें आरंभ कोठून करावा? प्रथम १६६० मध्यें डच भाषेंत निघालेला हुतात्म्यांचा चरित्रग्रंथ पाहावा. त्याचें इंग्रजी भाषांतर मिळतें. त्यांत डिर्क विलेम्सची हकीकत आहे. १५६९ मध्यें तो गोठलेल्या पाण्यावरून पळत असतां पाठलाग करणारा बर्फ फुटून बुडूं लागला. डिर्कनें मागें फिरून त्यास वर काढलें. त्यामुळें तो पकडला गेला व जिवंत जाळला गेला. दुसरें साधन म्हणजे १९५५ ते १९५९ या काळांत चार खंडांत निघालेला इंग्रजी मेनोनाइट ज्ञानकोश. तो आतां आंतरजालावर विनामूल्य वाचतां येतो. तिसरें साधन मिशनांचे अहवाल.

परंतु अहवाल हा पाठविणाऱ्याच्या हातचा असतो. दुष्काळांत धान्य कोणी दिलें, हें तो सांगतो. तें घेणाऱ्या आईच्या मनांत काय आलें, नवा धर्म घेणाऱ्याशीं त्याचे भाऊबंद कसे वागले, हें त्यांत क्वचितच सांपडतें. तें सांपडेल मंडळीच्या नोंदवह्यांत, दफनभूमींतील शिळांवर, घरांतील पत्रांत आणि वृद्धांच्या आठवणींत. वह्यांस वाळवी लागते आणि वृद्ध माणसें एकेक करून निघून जातात. युरोपांतील मेनोनाइटांनीं आपल्या साध्या माणसांचीं नांवें लिहून ठेविलीं, म्हणूनच डिर्क आज आपणांस ठाऊक आहे. आपल्याकडील नांवें लिहिण्याचें काम आपलें आहे. वही घेऊन एखाद्या आजीपाशीं बसावें, आणि तिला सवडीनें बोलूं द्यावें.