अगॅरिकॉन : सूचिपर्णी अरण्यांतील एक विस्मृत औषध

पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांत व घाटमाथ्यावर जीं अळंबीं उगवतात त्यांचें आयुष्य चार-दोन दिवसांचें असतें. आज छत्री उघडावी आणि उद्यां ती काळवंडून मातींत मिळावी, हा त्यांचा क्रम. त्यामुळें अळंबें म्हटलें कीं क्षणभंगुरतेचीच कल्पना मनांत उभी राहते. परंतु ह्याच कवकांच्या कुळांत असें एक अळंबें आहे कीं, तें एकाच वृक्षाच्या खोडाला चिकटून कित्येक दशकें वाढत राहतें. आणि त्याचा मनुष्याशीं असलेला संबंध तर जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. त्याचें प्राचीन नांव अगॅरिकॉन. आल्प्स पर्वत, सैबेरिया आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग येथील जुनीं सूचिपर्णी अरण्यें हें त्याचें वसतिस्थान होय.

युरोपांत व सैबेरियांत तें मुख्यत्वेंकरून लार्च वृक्षावर आढळतें. सूचिपर्णी वृक्षांत लार्च हा थोडा निराळा. त्याचे बहुतेक भाऊबंद बाराही महिने हिरवे राहतात, तर लार्चचीं पानें हिंवाळ्याच्या तोंडीं पिवळीं होऊन गळून पडतात. अमेरिकेंत हेंच कवक डग्लस फर व इतर सूचिपर्णी वृक्षांवरही वाढतें. त्याला दांडा नाहीं, छत्री नाहीं. प्रथम तें घोड्याच्या खुरासारखें दिसतें. पुढें दरवर्षीं खालच्या बाजूस सूक्ष्म नळ्यांचा एक नवा थर चढतो आणि थरावर थर सांचून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा स्तंभ खोडावरून लोंबूं लागतो. असे दीड-दोन फूट लांबीचे स्तंभ पाहण्यांत आलेले आहेत. बाहेरून त्याला भेगा पडलेल्या असतात. आंतील गर मात्र पांढरा, खडूसारखा ठिसूळ आणि चवीला अत्यंत कडू असतो.

हें झालें त्याचें बाह्यरूप. त्याचा खरा संसार खोडाच्या आंत असतो. तेथें त्याचे तंतू जुन्या वृक्षाच्या गाभ्यांत पसरतात आणि लांकडांतील सेल्युलोज खाऊन टाकतात. मागें उरतो तो लिग्निनचा तपकिरी, चौकोनी तुकड्यांनीं फुटणारा भुसा. आणि त्याच्या भेगांतून पांढऱ्या नमद्यासारखे तंतूंचे पडदे दिसतात. लांकडाच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हा केवळ नाश होय. परंतु वृद्ध वृक्षांचें लांकूड पुन्हां मातीच्या स्वाधीन करणें हें अरण्याच्या व्यवहारांत आवश्यकच असतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीझ ह्या ग्रीक वैद्यानें औषधी द्रव्यांवर पांच भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागाचा आरंभच अगॅरिकॉनपासून होतो. सार्मेशियांतील अगारिया नांवाच्या प्रदेशांत तें होतें, असें तो सांगतो. नांवाचें मूळ तेथेंच असावें. तें एखाद्या वनस्पतीचें मूळ आहे कीं वृक्षाच्या कुजण्यांतून उत्पन्न झालेला पदार्थ आहे, ह्याविषयीं त्या काळीं मतभेद होते, तेही त्यानें नमूद केले आहेत. त्याची चव आरंभीं गोड व मागाहून कडू, हें त्याचें निरीक्षण मात्र अचूक आहे. पोटशूळ, दमा, कावीळ, यकृताचे विकार, सर्पदंश आणि क्षय अशा नाना व्याधींवर त्यानें तें सांगितलें आहे. इतक्या रोगांवर एकच औषध पाहून आजच्या मनुष्याला हंसूं येईल. पण त्या यादींतील क्षयाचें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ग्रीकांकडून हें ज्ञान अरबांकडे गेलें आणि ‘अगॅरिकॉन’चें ‘घारीकून’ झालें. इब्न सीना (९८०–१०३७) ह्याच्या ‘कानून’ ह्या प्रसिद्ध ग्रंथांत त्याला स्थान मिळालें. पुढें यूनानी वैद्यकाबरोबर हें नांव हिंदुस्थानांत आलें आणि हकीमांच्या पुडींत व बाजारांत रूढ झालें. मुंबईत राहून येथील औषधींचा अभ्यास करणारे विल्यम डिमॉक ह्यांनीं दोन सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ ह्या काळांत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतही घारीकूनचा समावेश आहे. त्याच ग्रंथांत आपल्याकडील फणसाच्या झाडावर वाढणाऱ्या ‘फणसआळंब्या’चाही उल्लेख आहे. झाडावरील अळंबें उगाळून औषध करण्याची कल्पना केवळ परदेशांतूनच आली असें नव्हे, हें त्यावरून दिसतें.

नांवाच्या बाबतींत मात्र ह्या कवकाचें दैव विचित्र ठरलें. १७५३ मध्यें लिनियसनें आपल्या वनस्पतिग्रंथांत ‘अगॅरिकस’ हें नांव छत्रीखालीं पातळ पडदे असणाऱ्या अळंब्यांना दिलें. ज्याच्यापासून तो शब्द निघाला त्या अगॅरिकॉनला तर असे पडदेच नाहींत. आज बाजारांतील डब्यांत मिळणारें खाद्य अळंबें ‘अगॅरिकस’ ह्या नांवानें शास्त्रांत ओळखलें जातें, आणि मूळ धनी १९४१ मध्यें ‘फोमिटॉप्सिस’ व १९५७ मध्यें ‘लॅरिसिफोमिस’ अशा परक्या घरांत नांदूं लागला.

एकोणिसाव्या शतकांत रसायनशास्त्रज्ञांनीं ह्या कडू गरांतून अगॅरिसिक आम्ल वेगळें केलें. त्या काळीं क्षयाचे रोगी रात्रीं घामानें अक्षरशः भिजून निघत व त्यायोगें अधिकच क्षीण होत. हा घाम थांबविण्यासाठीं ‘अगॅरिसिन’ देण्याची पद्धति युरोपांतील वैद्यांत पडली. त्यानें रोग बरा होत नसे. रात्रीची झोंप तेवढी मिळे. मात्रा वाढली तर जुलाब होत. पुढें १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर खरें औषध हातीं आलें आणि घारीकून, अगॅरिसिन हीं नांवें वैद्यांच्या स्मरणांतून जाऊं लागलीं. अमेरिकेंतील लांकूडतोड्यांनीं त्याला ‘क्विनाइनचें कवक’ म्हटलें, तें केवळ कडूपणावरून. क्विनाइनचा त्यांत अंशही नाहीं.

श्रोत्यांना येथें असें वाटेल कीं हा एका टाकून दिलेल्या औषधाचा इतिहास झाला. परंतु पॅसिफिक महासागराच्या अमेरिकन किनाऱ्यावर ह्याच कवकाची निराळीच कथा आहे. तेथील ट्लिंगिट, हायडा व त्सिम्शियन लोकांत शामन, म्हणजे रोग व परलोक ह्या दोहोंशीं व्यवहार करणारे मांत्रिक वैद्य असत. ह्या कवकाच्या नरम गरांतून मनुष्य व प्राणी ह्यांच्या आकृति कोरीत आणि शामनच्या मृत्यूनंतर त्या त्याच्या थडग्याजवळ रक्षक म्हणून ठेवीत. त्या किनाऱ्यावर ह्या कवकाला ‘भुतांची भाकरी’ अशा अर्थाचें नांव होतें. हायडा लोकांच्या एका कथेंत तर स्त्रीजातीच्या उत्पत्तीसाठीं निघालेल्या डोमकावळ्याची होडी हांकण्याचें काम एका कवकपुरुषाकडेच दिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संग्राहकांनीं अशा कित्येक मूर्ति थडग्यांवरून उचलून नेल्या आणि त्या पदार्थसंग्रहालयांत दाखल झाल्या. तेथें त्यांची नोंद लांकडी मूर्ति अशी झाली. जवळजवळ शंभर वर्षें काचेच्या कपाटांतून त्या पाहणाऱ्यांना लांकडाच्याच वाटत राहिल्या. १९९२ मध्यें रॉबर्ट ब्लँचेट, नॅन्सी टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या तपासल्या आणि त्या लांकडाच्या नसून अगॅरिकॉनच्या आहेत असें दाखवून दिलें. थडग्यांवरून मूर्ति नेणाऱ्यांनीं त्यांच्यामागची श्रद्धा मागेंच टाकली होती. त्या कशाच्या केल्या आहेत हें ज्ञानही तिच्याबरोबरच सुटलें होतें.

ह्या दोन्ही कथा अलीकडे पुन्हां एकत्र आल्या. २०१३ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं ह्या कवकांतून क्लोरिनयुक्त कुमॅरिन जातीचीं दोन द्रव्यें मिळवून, तीं क्षयाच्या जंतूंविरुद्ध प्रयोगशाळेंत परिणाम करतात असें प्रसिद्ध केलें. परीक्षानळींतील ह्या यशावरून रोग्याला द्यावयाचें औषध सिद्ध झालें असें मुळींच होत नाहीं. आणि डायोस्कोरिडीझला क्षयाचे जंतू ठाऊक होते असेंही नाहीं. तरी त्याच्या यादींतील एक शब्द अगदींच अर्थशून्य नसावा, एवढें मानावयास हरकत नाहीं. क्षयाचे कांहीं जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले असतां, असा एखादा सुगावा कोणत्याही देशानें, विशेषतः हिंदुस्थानानें, तुच्छ लेखण्यासारखा नव्हे.

परंतु सुगावा घ्यावयाचा तर वस्तु शिल्लक असली पाहिजे. शतकानुशतकें औषधासाठीं झालेली तोडणी आणि त्याहूनही जुन्या अरण्यांचा झालेला संहार ह्यांमुळें हें कवक विरळ झालें आहे. २०१९ मध्यें आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तांबड्या यादींत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. नवीं रोपें लावून लांकडाची भरपाई करतां येते. पण अगॅरिकॉनला पाहिजे असतो तो वृद्ध वृक्ष, आणि लांकडाच्या हिशेबानें झाड तोडावयाचें तें म्हातारें होण्यापूर्वींच. ज्या अरण्यांत एकही झाड म्हातारें होऊं दिलें जात नाहीं, त्या अरण्यांत अगॅरिकॉनला जागा नाहीं.

एका समाजानें त्याला रोग्याच्या उशाशीं ठेवलें, दुसऱ्यानें मृताच्या थडग्यापाशीं. दोघांनीही त्याच्याकडे रक्षण मागितलें. आज रक्षणाची गरज त्यालाच पडली आहे, आणि तें करावयाचें म्हणजे दुसरें कांहीं नव्हे, कांहीं जुन्या झाडांना त्यांच्या जागीं उभें राहूं देणें एवढेंच.