डोंगरावरचा दवाखाना आणि बिरड्याचा रोजा



जून संपत आला की मॉन्ट्रियलमधल्या ज्यू वस्त्यांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. सकाळी बसगाड्यांची रांग लागते, फूटपाथवर मोठमोठ्या बॅगांचे ढीग पडतात, आया रडत असतात आणि मुलं हसत असतात. मुलं लॉरेन्शियन डोंगरांतल्या उन्हाळी शिबिरांना निघालेली असतात. पुढे आपल्या बेने इस्राएल घरांतली मुलंही त्या बसमध्ये चढू लागली. मी स्वतः सहा उन्हाळे तिथल्या एका शिबिरात नर्स म्हणून राहिले, दोन्ही मुलांना घेऊन. त्या डोंगरांचा इतिहास आणि आमच्या घरचा अनुभव आज एकत्र लिहिते आहे, कारण एकाशिवाय दुसरा नीट कळत नाही.

आधी इतिहास. मॉन्ट्रियलच्या उत्तरेला, गाडीनं साधारण सव्वा-दीड तासावर, सेंत-आगात हे गाव आहे. १८९२ मध्ये तिथे रेल्वे पोचली आणि शहरातली माणसं हवापालटाला जाऊ लागली. त्या काळात मॉन्ट्रियलच्या सेंट लॉरेन्स रस्त्याच्या आसपास पूर्व युरोपातून आलेले ज्यू दाटीवाटीनं राहत होते. बरेचसे शिवणकामाच्या कारखान्यांत राबत. खिडक्या बंद, हवेत कापडाची धूळ, एका खोलीत सात-आठ माणसं. अशा ठिकाणी क्षय पसरायला वेळ लागत नाही. औषध नव्हतंच. डोंगरातली स्वच्छ हवा, दूध, अंडी आणि विश्रांती एवढाच उपचार. म्हणून १९०९ मध्ये सेंत-आगातजवळ प्रेफोंतेन इथे ज्यू समाजानं माउंट सिनाय नावाचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम काढलं.

आपल्याकडच्या वाचकांना पाचगणी, मिरज ही नावं आठवतील. आमच्या आजीच्या बोलण्यात 'हवा खायला नेलं' म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं, आजाराचं नाव कुणी घेत नसे. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीन सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत क्षयाच्या सॅनेटोरियमची गरज कमी होत गेली. पण 'मुलांना डोंगरात पाठवा, हवा चांगली आहे' ही समजूत टिकली. शिबिरांची मुळं तिथेच आहेत. सुरुवातीची बरीच शिबिरं गरीब, अशक्त मुलांना दोन-तीन आठवडे पोटभर जेवण आणि मोकळी हवा मिळावी म्हणूनच निघाली होती.

बनाई ब्रिथ या संस्थेचं शिबिर १९२० च्या दशकापासून चालू आहे आणि आज ते लांतिए गावाजवळ आहे. त्याच दशकात डाव्या विचारांच्या कामगारांनी 'नित गेदायगेत' नावाचं शिबिर काढलं. यिडिश भाषेत त्याचा अर्थ 'चिंता नको' असा होतो. सेंत-मार्गरीतच्या बाजूला सनशाइन नावाचं शिबिर होतं. १९५० मध्ये तिथे पंधरा वर्षांचा एक मुलगा लहान मुलांची देखभाल करायला होता, लेनर्ड कोहेन. 'द पार्टिझन' हे पुढे त्यानं जगभर गाजवलेलं गाणं तो तिथेच शिकला.

सगळंच गोड नव्हतं. जुलै १९३९ मध्ये सेंत-आगातमध्ये ज्यूंनी इथून चालतं व्हावं अशी पत्रकं लागली होती. काही हॉटेलं ज्यूंना खोली देत नसत, काही तलावांच्या काठची जमीन त्यांना कुणी विकत नसे. कॅनडात इतरत्रही हेच होतं. ऑन्टारिओतल्या एका सुट्टीच्या वसाहतीत ज्यूंना घर विकायचं नाही असं खरेदीखतातच लिहिलेलं होतं आणि ते कलम सुप्रीम कोर्टानं १९५० मध्ये रद्द केलं. मॉर्डकाय रिक्लर यांच्या १९५९ च्या 'द अप्रेंटिसशिप ऑफ डडी क्रॅविट्झ' या कादंबरीतला पोरगा सेंत-आगातच्या हॉटेलात वेटर असतो आणि एका तलावाभोवतीची जमीन मिळवायला धडपडतो. जमिनीची ती हाव कुठून आली हे त्या पत्रकांची गोष्ट कळल्यावर समजतं. ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांनी स्वतःची दारं बांधली. शिबिरं ही त्यांतलीच.

आता आमची गोष्ट. कॅनडानं १९६७ मध्ये गुणांवर आधारित प्रवेशाची पद्धत आणली. शिक्षण, हातातलं काम आणि भाषा पाहून माणसं घेऊ लागले आणि आपली माणसं टोरांटो, मॉन्ट्रियलकडे येऊ लागली. आम्ही त्यांच्या बऱ्याच मागून आलो. मुंबईचा नर्सिंग डिप्लोमा हातात होता, पण क्वेबेकमध्ये लायसन्ससाठी फ्रेंचची परीक्षा द्यावी लागते. ती पार पाडून मी कामाला लागले. शिबिराची फी आम्हाला परवडणारी नव्हती. कुणीतरी सांगितलं की नर्स म्हणून उन्हाळा काढलास तर मुलांची फी माफ होते. मी लगेच हो म्हटलं.

दवाखाना म्हणजे लाकडी घर. पुढे तपासणीची खोली, मध्ये चार खाटा, मागे माझी खोली. मुलं आपापल्या वयाच्या केबिनमध्ये. आमचे हे आठवडाभर मॉन्ट्रियलला कामावर, शुक्रवारी दुपारी निघून दिवे लागायच्या आत पोचायचे. म्हणजे कुटुंब एका डोंगरावर, पण चार छपरांखाली. पहिल्याच दिवशी मोठीनं मला बजावलं, "मम्मी, सगळ्यांसमोर मला हाक मारू नकोस." धाकटा मात्र रोज काहीतरी दुखतंय म्हणून यायचा. पोट, गुडघा, कान. खरं दुखणं आठवणीचं. मी त्याला पाच मिनिटं मांडीवर घ्यायचे, साखर-पाण्याचा एक घोट द्यायचे आणि परत पाठवायचे. इतर मुलांना मांडी मिळत नव्हती, म्हणून त्यांच्याशी जरा जास्त बोलायचे.

काम पहाटेपासून. नाश्त्याआधी दम्याचे पंप आणि गोळ्या वाटायच्या. मग उवा तपासणं, गांधीलमाशीचे डंख, विषारी वेलीनं उठलेलं अंग, होडीतून पडून खरचटलेले पाय. रात्री अंथरूण ओलं करणारी मुलं असत. त्यांच्या चादरी पहाटे कुणाच्या नकळत बदलून टाकायच्या, हे शिबिराच्या नर्सचं सगळ्यात महत्त्वाचं आणि कुठेही न लिहिलेलं काम.

तिथलं शब्बाथ मला फार आवडायचं. पांढरे कपडे घालून दोनशे मुलं तलावाकाठी बसायची. चाली वेगळ्या होत्या. माझ्या कानात मुंबईच्या मशिदीतल्या चाली. पण शेमा आला की सगळं एकच.

तरी २००० साली जे घडलं ते घडलंच. त्या वर्षी मोठी अकरा वर्षांची. एक दिवस ती भर दुपारी दवाखान्यात आली आणि तापाचं निमित्त करून खाटेवर पडली. ताप नव्हता. खूप वेळानं तिनं सांगितलं. केबिनच्या ताईनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमच्या घरचे ज्यू कधी झाले?" वाईट हेतू नव्हता. पण एका मुलीनं पुढे विचारलं, "मग तुला दत्तक घेतलंय का?" मोठी म्हणाली, "मला घरी जायचंय."

मला १९६० च्या दशकातल्या गोष्टी आठवल्या, वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या. इस्राएलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नांवर रब्बींनी शंका घेतल्या, आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतनं ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत असं सांगितलं. पण क्नेसेतचा ठराव अकरा वर्षांच्या मुलीच्या केबिनमध्ये काय कामाचा?

दहा दिवसांवर तिशा बेआव होता. तो उन्हाळ्यात येतो, म्हणून शिबिरांत हा दिवस फार मनापासून पाळतात. रात्री सगळे जमिनीवर बसतात, मेणबत्त्या लावतात, विलापगीत वाचतात. आपल्याकडे हाच बिरड्याचा रोजा. मंदिर पडल्याच्या दुःखात मांसाहार बंद आणि रोजा सोडताना जमिनीवर बसून केळीच्या पानावर वालाच्या बिरड्याबरोबर भात. केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात आपल्या अशा सणांची नोंद करून ठेवली आहे.

मी मोठीला म्हटलं, "घरी जायचं असेल तर पप्पा शुक्रवारी येतील तेव्हा जा. पण त्यांना येताना वाल आणायला सांगते आहे." ती काही बोलली नाही, आणि शुक्रवारी गेलीही नाही.

शिबिराचं स्वयंपाकघर कोशेर. बाहेरची वस्तू आत नेता येत नाही. मी देखरेख करणाऱ्या रब्बींना जाऊन विचारलं. त्यांनी वाल हातात घेऊन पाहिले, निवडलेले आहेत ना विचारलं, नारळाच्या दुधाच्या डब्यावरचं चिन्ह पाहिलं आणि म्हणाले, पातेलं नवीन हवं. आमचे हे पातेलं घेऊन आले.

सोमवारी रात्री वाल भिजत घातले, मंगळवारी फडक्यात बांधले. बुधवारी संध्याकाळी रोजा सुरू झाला. गुरुवारी, १० ऑगस्टला दुपारी, खेळ बंद असल्यामुळे मोठीच्या केबिनमधल्या मुली सावलीत बसून होत्या. कोमट पाण्याचं घमेलं मी मध्ये ठेवलं आणि वाल सोलायला दिले. चिमटीत दाबला की दाणा सुळकन बाहेर येतो. दहा मिनिटांत त्यांना छंदच लागला. सोलता सोलता मी नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची गोष्ट सांगितली. सात जोडपी वाचली, तेल गाळून पोट भरू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुस्तकं समुद्रात गेली, शेमा तोंडपाठ राहिला. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे तुम्ही आमच्या आधीपासून?" मी म्हटलं, "आधी-नंतर कशाला, वेगळ्या होडीतून."

रात्री रोजा सुटला. केळीची पानं नव्हती, कागदी ताटल्या होत्या. पण सगळ्या जमिनीवर बसल्या. कुणाला तिखट लागलं, कुणी नुसता भात खाल्ला. एक मुलगी मात्र दोनदा वाढून घेऊन म्हणाली, "माझी आजी या दिवसांत मसूर करते, जमिनीवर बसूनच." तिची आजी मोरोक्कोची. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून मोरोक्कोचे ज्यू मॉन्ट्रियलला आले, फ्रेंच बोलणारे, आणि यिडिश-इंग्रजी बोलणाऱ्या जुन्या लोकांनी त्यांच्याकडेही सुरुवातीला परक्यासारखंच पाहिलं होतं. त्या मुलीला हे सगळं ठाऊक नसेल. पण ती मोठीच्या शेजारी सरकून बसली एवढं मी पाहिलं.

सगळे प्रश्न त्या रात्री संपले असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी नवी ताई आली, तिनं तोच प्रश्न विचारला. फरक इतकाच की मोठीनं दवाखाना गाठला नाही. तिनं उत्तर दिलं आणि मला रात्री सहज सांगितलं.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रश्न कधी ना कधी विचारला जाणारच. विचारणारा दुष्ट असतोच असं नाही, बहुतेक वेळा त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पण आपल्याच मुलांना सांगितलेलं नसेल तर ती काय उत्तर देणार? केहिमकरांचं पुस्तक कपाटात असून भागत नाही. मुलांच्या हाताला वाल सोलायची सवय पाहिजे. तेव्हा येत्या बिरड्याच्या रोजाला तीन दिवस आधी वाल भिजत घाला, आणि सोलायला मुलांना बसवा.