मोटारीचे नाव कशावर टिकते? अक्षरांमागच्या चिमुकल्या क्लिपचा इतिहास

१/ जुन्या मोटारीच्या बॉनेटवरची चकचकीत अक्षरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्या अक्षरांची पाठ मात्र फार थोड्यांनी पाहिली असेल. पाठीवर बहुधा दोन बारीक दांड्या असतात. त्या पत्र्यातील छिद्रांतून आत जातात आणि एक चिमुकली क्लिप त्यांना धरून ठेवते. आजचा धागा त्या क्लिपविषयी आहे.

२/ विषय क्षुल्लक वाटेल. पण जुनी मोटार जपणाऱ्याला तो तसा वाटत नाही. रंगकामासाठी अक्षरे उतरवली की गंजलेल्या क्लिपा तुटून हातात येतात. मूळ कारखाना बंद पडलेला असतो. त्या मॉडेलचे नाव छापलेली क्लिपांची पुडी मिळालीच, तर तिची किंमत ऐकून माणूस थबकतो. मग स्वस्त क्लिप शोधायची कुठे? याचे उत्तर क्लिपच्या जन्मकथेतच आहे.

३/ आरंभी मोटारीचे नाव वेगळे बसवावे लागतेच असे नव्हते. फोर्डच्या सुरुवातीच्या मॉडेल टी गाड्यांवर ते रेडिएटरच्या पितळी टाकीवरच उठवलेले असे. नाव आणि अवयव एकजीव होते. पुढे रेडिएटर जाळीआड गेला, बॉनेट लांब-रुंद झाले, आणि नावाला पत्र्यावर नवी जागा शोधावी लागली. नाव ही आता वरून बसवायची वस्तू झाली.

४/ ही वस्तू स्वस्तात घडवली ती जस्ताने. जस्त लवकर वितळते आणि साच्यात सहज भरते; पण त्यात शिशासारख्या अशुद्धी राहिल्या, तर ओतलेला भाग कालांतराने आतून फुगून भेगाळतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्तावर आधारलेले ‘झामक’ हे मिश्रधातू आणले. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले.

५/ वितळलेले जस्त पोलादी साच्यात दाबाने भरले की अक्षर आणि त्याच्या पाठीवरच्या दांड्या एकाच ओतकामात तयार होत. त्यावर तांबे, निकेल आणि शेवटी क्रोमचा मुलामा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोमचा मुलामा मोटारउद्योगात रुळला. आता चांदीसारखी झळकणारी अक्षरे हजारोंनी काढता येऊ लागली. प्रश्न उरला तो ती पत्र्यावर टिकवायची कशी हा.

६/ नेहमीचा नट आणि पाना येथे अडचणीचे ठरतात. जस्त पोलादासारखे चिवट नाही. पाना किंचित जास्त फिरला की दांडी मुळातून तुटते. कमी फिरवला, तर इंजिनाच्या थरथराटाने नट सैल होतो. शिवाय सरकत्या जुळणीपट्ट्यावर प्रत्येक अक्षरामागे दोन नट पान्याने आवळत बसायला कामगाराला उसंत नसते. हवी होती ती धरून ठेवणारी, पण आवळून न मोडणारी पकड.

७/ ती पकड मोटारीच्या कारखान्यात जन्मलीच नाही. ती आली स्वयंपाकघरातून. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात टिनरमन घराण्याचा शेगड्यांचा कारखाना होता. १९२० च्या दशकात काचेरी एनॅमलचा मुलामा दिलेल्या पांढऱ्याशुभ्र शेगड्या लोकप्रिय होत होत्या. पण जोडणीचे बोल्ट आवळताना एनॅमल तडकत असे, आणि तडकलेला पत्रा वाया जात असे.

८/ आल्बर्ट टिनरमन यांनी त्यावर ‘स्पीड नट’ योजला. ही स्प्रिंगच्या पोलादाची छोटी, किंचित कमानदार पट्टी. मध्ये दोन जिभा. त्या बोल्टच्या आट्यांत शिरतात. आवळताना कमान थोडी सपाट होते आणि पुन्हा उसळू पाहते. त्या ताणाने जिभा आट्यांना घट्ट चिमटतात. जोर स्प्रिंग सोसते, एनॅमल शाबूत राहते आणि थरथराटानेही पकड सुटत नाही.

९/ शेगडीवरचे एनॅमल आणि मोटारीवरचा रंग यांचे दुखणे एकच होते. त्यामुळे हा नट मोटारउद्योगाने उचलला. दुसऱ्या महायुद्धात तो विमानांच्या पत्र्यांवरही पोहोचला. विमान दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीत आजही ‘टिनरमन नट’ हा शब्द आहे. शेगडीवाल्या घराण्याचे नाव शेगडीपेक्षा नटामुळेच अधिक टिकले.

१०/ स्पीड नटाबरोबर अशा क्लिपांचे एक कुटुंबच वापरात आले. आटे नसलेल्या गुळगुळीत दांडीवर नुसता दाबून बसवायचा ‘पुश नट’. जस्ताच्या मऊ दांडीवर फिरता फिरता स्वतःच आटे पाडणारा नट. आणि जेथे पत्र्याच्या मागे हात पोहोचत नाही, तेथे बाहेरूनच छिद्रात ठोकायची नळीसारखी ‘बॅरल क्लिप’. अक्षराची दांडी तिच्यात दाबली की झाले.

११/ १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग सादर केली. तिच्या बॉनेटच्या पुढच्या कडेवर फोर्ड या नावाची चार इंग्रजी अक्षरे सुटी, एकमेकांपासून अंतर राखून बसवलेली होती. नाव एकसंध न राहता एकेका अक्षरात विभागले की एक अक्षर गळताच नावच अपुरे दिसते. म्हणून हौशी मालक या क्लिपांमागे एवढे धावतात.

१२/ येथे मुद्द्याचे सांगायचे ते असे. अक्षर त्या मोटारीचे असते. क्लिप मात्र कोणत्याच मोटारीची नसते. ती दांडीच्या जाडीनुसार घडवलेली असते. त्याच मापाची क्लिप शेगडीला चालते, खेळण्याच्या चाकाच्या आसालाही चालते. मॉडेलच्या नावाने विकली जाणारी पुडी महाग असते ती नावामुळे. नाव सोडून माप विचारले की वस्तू पुन्हा सामान्य आणि स्वस्त होते.

१३/ माप विचारायचे म्हणजे मात्र कोणाचे माप, हे आधी ठरवावे लागते. आणि येथे हा इतिहास थेट मुंबईत येतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारजुळणी सुरू केली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळू लागल्या. ही सारी अमेरिकी घराणी. त्यांचे माप इंचांचे.

१४/ या गाड्यांत डॉज किंग्जवे होती. मुळात ही प्लिमथच. परदेशी बाजारांसाठी तिला डॉजचे नाव लावलेले. अंग तेच, अक्षरे वेगळी! पुढे याच कुर्ल्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर इटलीचे मिलिमीटर आले. एकाच कारखान्याच्या फाटकातून दोन मापपद्धती बाहेर पडल्या. देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला तो १९५६ मध्ये.

१५/ तिसरी पद्धत ब्रिटिशांची. त्यांच्या बारीक स्क्रूंसाठी १८८४ पासून ‘बीए’ नावाची मालिका होती. तिचे मूळ स्विस मेट्रिक आट्यांत, पण वापर ब्रिटनमध्ये. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका यांनी समान आट्यांचा करार केला तो १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, वॉशिंग्टनमध्ये. म्हणजे त्याआधीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या, तरी त्यांचे आटे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

१६/ आकडे पाहा. अमेरिकी अक्षरांच्या दांड्या बहुधा ३/३२, १/८ किंवा ३/१६ इंचाच्या; म्हणजे २.३८, ३.१७५ आणि ४.७६ मिमी. मेट्रिकमध्ये त्यांच्या शेजारी ३ मिमी. बीए मालिकेत ६ क्रमांक २.८, ४ क्रमांक ३.६ आणि २ क्रमांक ४.७ मिमी. १/८ इंच आणि ३ मिमी यांत फरक ०.१७५ मिमीचा. डोळ्याला तो दिसत नाही. जस्ताच्या दांडीला मात्र जाणवतो.

१७/ १/८ इंचाच्या दांडीवर ३ मिमीची क्लिप दाबली, तर दांडी खरवडते किंवा मोडते. उलट केले, तर अक्षर सैल बसते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर कोठेतरी गळून पडते. म्हणून खरेदीपूर्वी व्हर्नियर कॅलिपरने दांडीची जाडी मोजावी. जेथे क्रोम सोललेले नाही आणि गंज चढलेला नाही, अशी जागा निवडावी. लांबी आणि पत्र्यातील छिद्राचा व्यासही टिपून ठेवावा.

१८/ मग दुकानात गाडीचे नाव न सांगता विचारावे: आटे नसलेल्या अमुक जाडीच्या दांडीसाठी पुश नट आहे का? बॅरल क्लिप हवी असल्यास दांडीबरोबर छिद्राचेही माप सांगावे. नट-बोल्टच्या घाऊक दुकानात अशा वस्तू सुट्या किंवा शेकड्याने मिळतात. चार अक्षरांना आठ क्लिपा लागतात; दोन-चार जादा घ्याव्यात, कारण पुश नट एकदा उपटला की त्याच्या जिभा वाकतात. तो पुन्हा वापरू नये.

१९/ काटकसर क्लिपवर करावी, अक्षरावर नाही. जुनी क्लिप काढताना अक्षर बाहेरून उचकटू नये; आतून तेल सोडून, थोडा वेळ थांबून, क्लिपच कापावी. झामक सुमारे ३८५ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे तुटलेली दांडी नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही. दुतर्फा चिकटपट्टीने अक्षर बसते, पण छिद्रे उघडी राहिली, तर पावसाळ्यात पाणी शिरून पत्रा आतून गंजतो. बसवतानाही छिद्राच्या कडेला सीलंट लावावे.

२०/ शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. पुढील काळात आयातीवर कडक निर्बंध राहिले, आणि परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. अशा परिस्थितीत गाडी चालू ठेवायची, तर ‘हा भाग कोणत्या गाडीचा’ यापेक्षा ‘हा भाग कोठे बसेल’ हा प्रश्न अधिक कामाचा. गॅरेजच्या मिस्त्रीची ही नजर म्हणजे निव्वळ जुगाड नव्हे. मापांचे प्रमाणीकरण ज्या तत्त्वावर उभे आहे, तेच तत्त्व तो आपल्या बोटांनी जाणतो.

२१/ फियाटशी असलेला परवान्याचा करार संपला आणि कुर्ल्याची तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, तर १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नाव बदलले, अंग जवळपास तेच राहिले. लोकांनी मात्र तिला ‘फियाट’ म्हणणे सोडले नाही. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

२२/ आता उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या गाड्या. कोणाच्या वडिलांची, कोणाच्या आजोबांची. तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि ती रंगाला जाणार असेल, तर अक्षरे उतरवताना स्वतः उभे राहा. प्रत्येक दांडीचे माप लिहून ठेवा आणि जुनी क्लिप मोडकी असली तरी डबीत जपा. पुढच्या दुकानदाराला दाखवायला तिच्याइतका चोख पुरावा दुसरा नाही. धागा समाप्त.