समुद्राच्या पोटांतील प्रकाश

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव (नाशिकचें नव्हे, वऱ्हाडांतील) समुद्रापासून सरळ रेषेंत चारशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील एखादें कुटुंब दिवाळीच्या सुटींत मालवणास निघालें, तर त्यांत आतां नवल राहिलें नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत पाण्यांत उतरून प्रवाळ व मासे पाहण्याची सोय आज झालेली आहे. परंतु जें पाहिलें तें घरीं राहिलेल्या वडीलधाऱ्यांना दाखवावयाचें कसें? यासाठीं खिशांत मावेल असा डिजिटल कॅमेरा शोधणारा मनुष्य जाहिरातींच्या गर्दींत गोंधळून जातो. वस्तुतः या निवडीचें उत्तर सुमारें एकशें सत्तर वर्षांच्या इतिहासांत आहे.

इ. स. १८५६ मध्यें इंग्लंडांतील वेमथच्या उपसागरांत विल्यम टॉम्सन या निसर्गाभ्यासकानें लाकडी पेटींत कॅमेरा ठेवून तो होडीवरून पाण्यांत सोडला. पेटींत पाणी शिरलें आणि काचेवर अंधुक चित्र उमटलें. पाणी हा कॅमेऱ्याचा पहिला वैरी आहे, हा धडा तेव्हांच मिळाला. दर दहा मीटरांस पाण्याचा दाब एका वातावरणानें वाढतो. त्यामुळें बारीकशा फटींतूनहि तें आंत घुसतें.

दुसरा वैरी अंधार. फ्रान्समधील बान्यूल येथील प्रयोगशाळेंत लुई बूतां या प्राणिशास्त्रज्ञानें १८९३ पासून यावर उपाय शोधला. त्याचा भाऊ ऑग्युस्त यानें कॅमेऱ्यासाठीं जलरोधक पेटी रचली. नुसत्या सूर्यप्रकाशावर एकेका चित्रास अर्धा अर्धा तास लागे. म्हणून पिंपावर बसविलेल्या काचेच्या भांड्यांत मद्यार्काची ज्योत पेटवून तिच्यावर मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची युक्ति त्यानें योजिली. पुढें १९२६ मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरिडाजवळ लॉन्गली व मार्टिन या दोघांनीं तराफ्यावर मॅग्नेशियमचा प्रचंड भपका उडवून पाण्याखालील पहिलीं रंगीत छायाचित्रें घेतलीं. एका माशाच्या रंगासाठीं माणसांना स्फोटकाशेजारीं उभें राहावें लागत होतें.

रंगासाठीं एवढा आटापिटा कां? कारण पाणी तांबडा प्रकाश सर्वांआधीं गिळतें. पांच-सहा मीटर खालीं गेल्यावर लाल वस्तु करडी दिसूं लागते. शिवाय पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाशकिरण वांकतात. त्यामुळें सपाट कांचेमागील भिंगाला वस्तु जवळ व मोठी दिसते आणि दृश्याचा विस्तार आक्रसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कूस्तो यांच्या प्रेरणेनें बेल्जियन शिल्पज्ञ झां द वूतर यांनीं वेगळ्या पेटीशिवाय पाण्यांत चालणारा 'कॅलिप्सो' कॅमेरा सिद्ध केला. जपानच्या निकॉननें १९६३ मध्यें त्याचें 'निकोनॉस' रूप बाजारांत आणलें व ही परंपरा २००१ पर्यंत चालली. परंतु फिल्म छत्तीस चित्रांत संपे. पाण्यांत ती बदलतां येत नसे आणि चूक कळावयाची ती फिल्म धुतल्यावर. १९७५ मध्यें कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनीं पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. तो ३.६ किलोचा होता आणि एक चित्र नोंदण्यास त्याला २३ सेकंद लागत. त्याच्याच वंशजांनीं पाणबुड्याची छत्तिसाची मर्यादा मोडली. चित्र तत्क्षणीं पाहून दुरुस्त करण्याची सवड प्रथमच मिळाली.

या इतिहासावरून निवडीचीं सूत्रें आपोआप निघतात. पहिली डुबकी साधारणतः बारा मीटरांपलीकडे जात नाहीं. म्हणून ऑलिंपसच्या 'टफ टी. जी.' मालिकेसारखा पंधरा मीटरांपर्यंत स्वतः जलरोधक असलेला कॅमेरा तिला पुरतो. अधिक खोलीसाठीं त्याच कॅमेऱ्याच्या मापाची जलरोधक पेटी मिळते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. पेटी नसेल तर उत्तम कॅमेराहि व्यर्थ. १३.२ × ८.८ मिलिमीटरांचा प्रकाशग्राही पृष्ठभाग लहान कॅमेऱ्यांतील सामान्य पृष्ठभागाच्या सुमारें चौपट असतो, म्हणून मंद उजेडांत तो सरस ठरतो. मात्र अशा कॅमेऱ्याला बहुधा पेटी घ्यावीच लागते. मेगापिक्सेलच्या आंकड्यापेक्षां रुंद दृश्य टिपणारें भिंग आणि पांढऱ्या रंगाचा समतोल हातानें साधण्याची सोय महत्त्वाची. 'रॉ' स्वरूपांत चित्र साठवितां आल्यास हरवलेला तांबडा रंग मागाहून पुष्कळ अंशीं परत आणतां येतो. भिंगालगतचा फ्लॅश गढूळ पाण्यांतील कणच उजळतो. तो बंद ठेवून वस्तूजवळ जाणें बरें. आणि पेटीच्या रबरी कड्यावर एखादा केस राहिला, तर वेमथच्या पेटीची गत पुन्हां होईल!

या जवळ जाण्यालाहि एक मर्यादा आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ हा दगड नव्हे. तो जिवंत प्राण्यांचा समुदाय आहे आणि फार मंदगतीनें वाढतो. चित्रासाठीं त्याला हात टेकणारा किंवा पाय लावणारा मनुष्य जें टिपावयास आला तेंच मोडून जातो. उलट, संयमानें घेतलेलें व तारीख-स्थळासह जपलेलें छायाचित्र साक्ष ठरतें. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर पश्चिमेस, कान्होजी आंग्रे यांच्या नांवाच्या बुडालेल्या आंग्रिया पठारावर २०१९ च्या अखेरीस अभ्यासक उतरले. अशा दूरच्या जागीं कोणता प्रवाळ जिवंत आहे व कोणता पांढरा पडला आहे, हें पुढच्या पिढीला कळावयाचें तें बव्हंशीं अशा नोंदींवरूनच.

बूतांला एका चित्रासाठीं पिंपभर ज्योत लागली. आज मालेगांवाहून गेलेल्या मुलीच्या तळहातांत तेंच काम मावतें. यंत्र लहान झालें, पण जपून पाहण्याची जबाबदारी लहान झालेली नाहीं.