मुलाखत, नोकरीसाठीची

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराशी समक्ष संभाषण करून त्याची पदासाठीची योग्यता अजमावण्याची पद्धती. ‘मुलाखत’ हा शब्द ‘मुलाकात’ (भेट) या अरबी शब्दावरून मराठीत रूढ झाला. लेखी परीक्षेने मुख्यत्वे ज्ञान व लेखनकौशल्य तपासले जाते. मुलाखतीत विचारांची स्पष्टता, समयसूचकता, निर्णयशक्ती, सचोटी इ. गुणांचा अंदाज घेतला जातो. पहिल्याच नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवाराजवळ दाखविण्यासारखा कामाचा अनुभव नसल्यामुळे त्याच्या बाबतीत या भेटीस विशेष महत्त्व येते. भारतात या पद्धतीचा विकास प्रामुख्याने सनदी सेवांच्या भरतीतून झाला.

ऐतिहासिक आढावा : ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी सेवेत प्रारंभी संचालकांच्या नामनिर्देशनाने नेमणुका होत. १८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा अधिकार संपुष्टात आला. मेकॉले समितीच्या शिफारशींनुसार (१८५४) १८५५ मध्ये लंडन येथे पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. ओळख व वशिला यांऐवजी उत्तरपत्रिकेवरून निवड करणे, हे या सुधारणेचे मर्म होते. सत्येंद्रनाथ टागोर हे या परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय होत (१८६३). १८६९ मध्ये मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर यांनीही यश मिळविले. तथापि लेखी परीक्षेबाहेरील कसोट्या पूर्णतः लोप पावल्या नव्हत्या. अरविंद घोष लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले. पण अश्वारोहणाची परीक्षा न दिल्यामुळे त्यांना सेवेत प्रवेश मिळाला नाही (१८९२).

ब्रिटनमधील वरिष्ठ सनदी सेवेच्या परीक्षेत तोंडी परीक्षेचा अंतर्भाव करावा, अशी शिफारस लीथ्झ समितीने १९१७ मध्ये केली. पुढे ही पद्धत भारतीय सनदी सेवेच्या निवडीतही आली. १९२२ पासून ही परीक्षा भारतातही होऊ लागली. १९२६ मध्ये लोकसेवा आयोग स्थापन झाला. त्याचेच १९३७ मध्ये संघराज्य लोकसेवा आयोगात व २६ जानेवारी १९५० रोजी संघ लोकसेवा आयोगात रूपांतर झाले. स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभी वरिष्ठ सेवांसाठी तोंडी परीक्षेत किमान गुण मिळविणे आवश्यक असे. त्यामुळे लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा उमेदवारही अपात्र ठरू शके. ही अट १९५० च्या दशकातच रद्द झाली.

विश्वसनीयतेचा प्रश्न : मुलाखतीतील गुण कितपत विश्वासार्ह असतात, याची शास्त्रीय तपासणी फिलिप हार्टॉग व ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये केली. हार्टॉग हे त्यापूर्वी डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. या प्रयोगात त्याच १६ उमेदवारांच्या मुलाखती दोन स्वतंत्र मंडळांनी घेतल्या. ३०० गुणांपैकी दोन्ही मंडळांनी दिलेल्या गुणांत सरासरी ३७ व जास्तीत जास्त ९२ गुणांचा फरक आढळला. एका मंडळाने प्रथम क्रमांक दिलेला उमेदवार दुसऱ्या मंडळाच्या यादीत बराच खाली गेला. परीक्षक अनुभवी असले, तरी बोलण्याची ढब, वेशभूषा, सामाजिक स्तर यांची छाप त्यांच्या निर्णयावर पडू शकते. ग्रामीण वा अल्पशिक्षित कुटुंबातून आलेल्या तरुणाच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. कारण घरात व शाळेत न लाभलेल्या संभाषणाच्या सवयी म्हणजे अपात्रता नव्हे.

न्यायालयांनीही या प्रश्नाची दखल घेतली. अजय हासिया खटल्यात (१९८१) महाविद्यालयीन प्रवेशासाठी मुलाखतीस एकूण गुणांच्या एक-तृतीयांश गुण ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने मनमानी ठरविले आणि अशा प्रवेशासाठी १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. हरयाणातील सनदी सेवेसंबंधीच्या अशोककुमार यादव खटल्यात (१९८५) संघ लोकसेवा आयोगाप्रमाणे १२·२ टक्के हे प्रमाण न्यायालयाने योग्य मानले. तसेच जवळचा नातेवाईक उमेदवार असल्यास सदस्याने त्याच्या मुलाखतीपासून दूर राहावे, असेही सांगितले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाने कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. वरिष्ठ सेवांसाठी त्या चालू असून, नागरी सेवा परीक्षेत २०१३ पासून एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व परीक्षेस आहेत.

पूर्वतयारी : आयोगाच्या मते ही परीक्षा म्हणजे उलटतपासणी नसून हेतुपूर्वक चालविलेले, पण सहज स्वरूपाचे संभाषण होय. विषयज्ञानाची परीक्षा लेखी प्रश्नपत्रिकेत झालेली असते. साहजिकच तयारीचे प्रमुख साधन म्हणजे उमेदवाराने स्वतः भरलेला अर्ज. मंडळापुढे तोच असल्यामुळे जन्मगाव, जिल्हा, पदवीचा विषय, छंद यांतील प्रत्येक नोंदीवर प्रश्न संभवतो. न जोपासलेला छंद अर्जात लिहिणे घातक ठरते. उलट गावचे पीक, पाणी, बाजारपेठ यांविषयी स्वानुभवाने बोलणारा उमेदवार प्रभाव पाडू शकतो. यांखेरीज नित्य वृत्तपत्रवाचन, पदाच्या कर्तव्यांची माहिती आणि वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजूंचा विचार आवश्यक असतो. एखादे उत्तर ठाऊक नसल्यास तसे स्पष्ट सांगणे हे अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा श्रेयस्कर मानले जाते.

कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची उत्तरे भारतीय भाषांतून लिहिण्याची मुभा मिळाली. मराठीतून मुलाखत देण्याची सोयही उपलब्ध आहे. तीत दुभाष्याचे साहाय्य घेतले जात असल्याने छोट्या, सुटसुटीत वाक्यांचा सराव उपयुक्त ठरतो. महाराष्ट्र शासनाने मुंबई येथे स्थापन केलेल्या राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्थेत, तसेच अन्य मार्गदर्शन केंद्रांत अभिरूप मुलाखती घेतल्या जातात. त्यांमुळे अपरिचित मंडळापुढे बसण्याची भीती कमी होते व बोलण्यातील दोष ध्यानात येतात. मात्र पाठ केलेली उत्तरे अनुभवी परीक्षकांच्या सहज लक्षात येतात. ज्यांच्या घरी यापूर्वी कोणी अशा मंडळासमोर बसलेले नाही, त्यांना या सरावाचा लाभ सर्वाधिक होतो. म्हणूनच अशी केंद्रे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी सुलभ असणे, हा खुल्या स्पर्धेच्या मूळ तत्त्वाचाच एक भाग ठरतो.