शेतातील ठिणगी

ट्रॅक्टरने घोड्याची जागा घेतली, हे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. परंतु घोडा हाकेसरशी उठे. ट्रॅक्टर मात्र कित्येकदा दुपारपर्यंत जागाच होत नसे. पुष्कळदा त्याचे कारण हेच असे की, सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसे, किंवा पडली तर अवेळी पडे.

दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. कारण इंधन पेटून त्याचा जोर वाढण्यास क्षणभर अवधी लागतो. परंतु हँडलने इंजिन सावकाश फिरविताना तीच आगाऊ ठिणगी घातक ठरते. दट्ट्या उलटा ढकलला जातो आणि हँडलचा तडाखा फिरविणाऱ्याच्या हातास बसतो. असे मनगट मोडून घेतलेले शेतकरी त्या काळी थोडे नव्हते.

बॅटरीवाचून वीज निर्माण करणारे मॅग्नेटो नावाचे साधन जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांनी १८८७ साली एका स्थिर इंजिनासाठी तयार केले. त्यांच्याच कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. ब्रिटन या जर्मन मालावर इतके विसंबून होते की, १९१४ साली युद्ध पेटताच त्यास मॅग्नेटो घरी बनविण्याची धडपड करावी लागली.

त्याच युद्धात पाणबुड्यांनी ब्रिटनची धान्यवाहू जहाजे बुडविली, आणि १९१७ साली हेन्री फोर्ड यांचे फोर्डसन ट्रॅक्टर मागविण्यात आले. त्यांतील ठिणगीची योजना फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचीच होती. फ्लायव्हीलवर लोहचुंबक बसविलेले, आणि चार सिलिंडरांसाठी थरथरणाऱ्या चार कॉइल. योजना स्वस्त खरी. पण हँडलच्या मंद गतीने चुंबक फिरत, तेव्हा वीज अगदी क्षीण निर्माण होई. म्हणजे जेव्हा ठिणगीची गरज सर्वांत अधिक, तेव्हाच ती दुबळी! १९२९ साली फोर्डसनचे उत्पादन आयर्लंडमधील कॉर्क येथे हलविण्यात आले, तेव्हा उच्च दाबाचा मॅग्नेटो देऊन हा दोष दूर करण्यात आला.

यापुढील पाऊल १९३९ सालच्या फोर्ड-फर्ग्युसन ‘९एन’ ट्रॅक्टरने टाकले. सहा व्होल्टची बॅटरी, सेल्फ-स्टार्टर, आणि वेगाप्रमाणे ठिणगी आपोआप मागेपुढे करणारी वजने त्यात होती. मनगटाचे भय संपले. पण शेतकऱ्याचे काम संपले नाही, ते दंडातून बोटांत उतरले. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट एका इंचाच्या हजारांश भागांपैकी अवघे पंधरा भाग उघडावे लागतात. अंतर अधिक झाले, तर कॉइलमध्ये वीज पुरेशी भरत नाही व ठिणगी लवकर पडते. कमी झाले, तर ती उशिरा पडते व पॉइंट जळू लागतात. हे अंतर कॅमचा उंचवटा पुरता वर आल्यावरच मोजावयाचे असते. त्यातही जळलेल्या पॉइंटवर खळगा व त्यासमोर टेंगूळ तयार होते. मापाची सपाट पट्टी टेंगळावर टेकते आणि खऱ्या अंतराहून कमी माप दाखविते. म्हणून आधी पॉइंट साफ करावयाचे किंवा बदलावयाचे, आणि मगच मोजावयाचे.

हा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या तोंडाशी, पंख्यामागे अशा अडचणीत बसविला होता की, जागेवर हात पोहोचणे कठीण. परंतु दोन बोल्ट काढताच तो सबंध हाती येई. शिवाय त्याची खाच मध्यापासून किंचित सरकवलेली असल्यामुळे तो परत एकाच रीतीने बसे. नवख्यासही तो उलटा बसविता येत नसे. पुढे दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत, १९४२ च्या ‘२एन’ मध्ये काही काळ बॅटरी जाऊन मॅग्नेटो परत आला. अखेर १९५० साली ‘८एन’ चा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या बाजूस, सहज हाताशी आणण्यात आला.

ठिणगी अधिक बलवान कशी होईल, या प्रश्नाची उकल कारखान्याने लवकर केली. ती राखणाऱ्याचा हात तिथवर कसा पोहोचेल, हे सुचावयास मात्र पुष्कळ वर्षे लागली. आज जुन्या ट्रॅक्टरांत पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक साधन बसविता येते, आणि मग अंतर मोजण्याचे कामच उरत नाही. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ते साधन ऐन पेरणीत बिघडले, तर कानस व पट्टी घेऊन बांधावर बसलेल्या शेतकऱ्यास करण्यासारखे काहीच राहत नाही. यंत्र स्वतःचे असणे आणि ते स्वतःस दुरुस्त करता येणे या दोन गोष्टी एके काळी एकच होत्या. त्यांची फारकत झाली, याची नोंद इतिहासाने ठेविली पाहिजे.